लाईन मोकळी ठेवा

कुणाच्याही घरी गेलो की घरची माणसं पंखा लावतात, पाणी आणतात, आणि माझी नजर तोवर भिंतीवरची टेलिफोनची वायर शोधत असते. आता बहुतेक घरांत ती नसतेच. असली तरी रंगाच्या दोन हातांखाली गेलेली असते आणि कुठून येऊन कुठं जाते ते घरच्यांनाही सांगता येत नाही. माझी बायको म्हणते, लोकांच्या घरी जाऊन भिंती काय न्याहाळता, त्यांना वाटेल घर विकत घ्यायला आलाय. पण खोड जात नाही. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं मी सांगली-साताऱ्याच्या घराघरांत 'नेट लागत नाही' ही तक्रार सोडवत हिंडलो, आणि त्या तक्रारीचं मूळ मला संगणकात क्वचित सापडलं. बहुतेक वेळा ते वायरीत असायचं, नाही तर वायर ज्या माणसांच्या मधून जायची त्यांच्यात.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. संगणकाला आकडे कळतात आणि टेलिफोनच्या तारेतून जातो आवाज. मोडेम नावाची पेटी मध्ये बसून आकड्यांचा आवाज करायची आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे परत आकडे. म्हणून जोडणी होताना ती एवढी किंचाळायची. लोकांना त्या आवाजाची धास्ती वाटे. मला मात्र नुसत्या किंचाळण्यावरून लाईन स्वच्छ आहे की कुठं पाणी शिरलंय ते कळायचं, मेस्त्रीला इंजिनाच्या आवाजावरून कळतं तसं. आणि दुसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची: तार एकच. तिच्यावर एक तर माणूस बोलणार, नाही तर संगणक. मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की बिचारा संगणक गप्प होऊन बाजूला व्हायचा, आणि दोष मला लागायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. साताऱ्यात एका बाईंचं नेट सकाळी उत्तम चालायचं आणि तासाभरात मान टाकायचं. मी सेटिंगं बदलली, वायर बदलली, कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या खेपेला बाईंनी कौतुकानं दाखवलं, की मोडेमवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी क्रोशाचं झाकण विणलंय, आणि त्यावरून प्लॅस्टिकचं एक. टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, मग ह्यालाच का नको? आत तो बिचारा भाजून निघत होता. झाकण काढा म्हटल्यावर त्या एवढ्या हिरमुसल्या, की शेवटी क्रोशाचं तेवढं राहू द्या, जाळीदार आहे, असं मीच म्हणालो. कुपवाडच्या एका कारखानदाराच्या घरी तर शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की नेट जायचं. त्यांनी वेल्डिंगवाल्याशी भांडण उकरून काढलं, आणि नंतर कळलं की शेड त्यांच्या सख्ख्या मेहुण्याची होती.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका प्रश्नानं. मी गेल्या गेल्या विचारायचो, "घरात दुसरा फोन आहे का?" उत्तर ठरलेलं: "न्हाई, एकच हाय." आणि मग आतल्या खोलीतून खण्‌ करून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज यायचा. "आवं, त्यो दुसरा न्हवं. त्यो आतला." एकाच लाईनवर वायर वाढवून आत आणखी एक यंत्र बसवायची आपल्याकडे पद्धत होती, पॅरलल म्हणायचे त्याला. पण लोकांच्या हिशेबी तो वेगळा फोन नव्हता, आणि तरी त्याची लाईन मात्र जणू वेगळी असायची. ह्या एका समजुतीपायी किती पेट्रोल जाळलं असेल मी! आणि ह्याच समजुतीमुळे एका घरात जे घडलं, ते सांगण्यासाठी खरं तर हा लेख लिहायला बसलोय.

सांगली आणि इस्लामपूरच्या मधलं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. घर एका निवृत्त सुभेदारांचं. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मुलगा महेशही फौजेत. त्याची बायको वैशाली कराडची, शिकलेली. लग्नानंतर तिनं घराच्या पुढच्या खोलीत गावातल्या मुलींसाठी संगणकाचा वर्ग काढला होता. महेशनं सुट्टीवर आला असताना माझ्या दुकानातूनच संगणक नेला होता. पुढं मोडेमही नेला. "हिला नवं नवं शिकायचं असतंय, दादा," असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो त्याच्या गणवेशातल्या फोटोतसुद्धा नव्हता. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आप्पा आणि सून, दोघंच.

कारगिलचा तो उन्हाळा. महेशचं युनिट तिकडं वर होतं. एवढंच घरी माहीत होतं.

वैशालीचा दुकानात फोन आला, "कांबळेदादा, नेट सारखं कटतंय. दोन मिनिटं राहत नाही." मी स्कूटर काढली. भिंतीवर वायर जोडायची जी डबी असते तिचे स्क्रू गंजून हिरवे झालेले. घासले, आवळले, नेट लागलं. मी खुशीत परतलो. लगेच परत फोन: कटतंय. मग मी दुकानातला चांगला मोडेम घेऊन गेलो. लावला, चालला, परतलो. परत तेच. एव्हाना माझाही हट्ट चढला होता. पुढच्या खेपेला मी म्हणालो, "ताई, तुम्ही नेहमी जे करता ते करा. मी नुसता बसतो."

ती जरा घुटमळली. मग तिनं नेट जोडलं आणि एका वर्तमानपत्राची साईट उघडली. लवकर उघडावी म्हणून तिनं चित्रं बंद केली होती, नुसती अक्षरं यायची. मला वाटलं होतं वर्गासाठी काहीतरी बघत असेल. पण वर्ग तर सुट्टीमुळे बंद होता, खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. पडद्यावर लढाईच्या बातम्या एकेक ओळीनं उतरत होत्या. कुठल्या चौकीवर काय झालं, कोण धारातीर्थी पडलं, कुठल्या गावचं. ती ओठ न हलवता वाचत होती. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तेवढ्यात पडदा थांबला. कटलं.

मी वायर धरून निघालो. पुढच्या खोलीतून ती चौकटीवरून वळून सोप्यात, तिथून भिंतीला धरून आतल्या खोलीत गेली होती. तिथं कॉटवर आप्पा बसलेले, शेजारी स्टुलावर फोन, आणि त्यांचा हात अजून रिसीव्हरवर.

"काय न्हाई," ते म्हणाले, मी काही विचारायच्या आधीच. "चालू हाय का बगत हुतो."

ही सवय आता कुणाला कळणार नाही. फोन मिळायला वर्षं जायची आणि मिळाला तरी तो कधी मुका होईल ह्याचा नेम नसायचा. म्हणून येताजाता रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, टोन येतोय ना ते ऐकायचं आणि ठेवायचा. सगळेच करायचे. पण आप्पांचं ते येताजाता राहिलं नव्हतं. मुलाचा फोन येईल आणि नेमकी लाईन बंद असेल ह्या भीतीनं ते दिवसभर तेच करत होते.

"गड्या, लाईनीतच कायतरी बिगाड हाय," ते म्हणाले. "टोन येत न्हाई. कवा कवा कायतरी वरडतंय आत. मग जरा दम खाऊन परत बगतो."

वरडत होता तो मोडेम. सासरा फोन चालू आहे का बघत होता आणि त्यामुळं सुनेचं नेट कटत होतं. सून परत जोडत होती आणि सासऱ्याला लाईन बिघडल्यासारखी वाटत होती. दोघंही एकाच माणसाची वाट बघत होते आणि दोघंही एकमेकांपासून ते लपवत होते. आप्पांनी सुनेला सांगितलं होतं, "फौजेत हे चालायचंच, काळजी करायची न्हाई." आणि सुनेनं सासऱ्याला सांगितलं होतं, "वर्गाची तयारी करतेय."

बिघाड सापडला की मला आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही, कारण खरी अडचण मला तिथंच उभ्या उभ्या दिसली, आणि ती सांगणं भाग होतं. मी वैशालीला आत बोलावलं.

"ताई, तुम्ही नेट लावता तेव्हा बाहेरून कुणी फोन केला, तर त्याला एंगेज येतो."

"पुढच्या फोनला ना?" ती म्हणाली. "आतला वाजेल की. आप्पा बसलेले असतात तिथं."

"आतला वेगळा नाही, ताई. लाईन एकच."

संगणक शिकवणारी मुलगी, तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आतला फोन म्हणजे आप्पांचा, आणि आप्पा त्याच्याजवळ बसलेत म्हणजे ह्यांचा फोन आला तर ते घेतील, एवढ्या भरवशावर ती पुढच्या खोलीत बसायची.

"म्हणजे ह्यांनी लावला असंल तर..." ती तशीच पुढच्या खोलीत गेली आणि मोडेमची वायर उपसून आली.

आप्पांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "काय बगत हुतीस गं त्यात?"

"पेपर."

"पेपरात काय?"

"नावं येतात, आप्पा."

आप्पा ताठ बसले. "फौजेची खबर फौज देती. तार येती. पेपरवाल्यास्नी काय कळतंय?" असं त्यांनी आवाज चढवून म्हटलं. थोड्या वेळानं त्यांनीच, खाली बघत, विचारलं, "आज काय लिवलंय?"

मी काही फार शहाणा माणूस नाही. पण तिथं उभं राहवेना म्हणून तोंडातून निघून गेलं, की माझ्या दुकानात दोन लाईनी आहेत, रोज सकाळी मी वाचत जाईन. तुमच्या कामाचं काही दिसलं तर कळवीन.

"आणि काय न्हाई दिसलं तर?" आप्पांनी विचारलं.

"तरी फोन करीन की. काही नाही म्हणून."

"नगं," आप्पा म्हणाले. "काय नसंल तर फोन करायचा न्हाई. यायचं बी न्हाई. लाईन मोकळी ऱ्हाऊ दे."

वैशालीनंही मान हलवली. मी हो म्हणून निघालो. वाटेत, पुलावर, मला कळलं की मी काय कबूल करून बसलोय. त्या घरात आता दोनच माणसांचा फोन येऊ शकत होता. एक त्यांचा मुलगा. आणि दुसरा मी. माझा कधी येऊ नये म्हणून ते देवाला हात जोडणार होते.

त्या उन्हाळ्यात दुकान उघडलं की मी उदबत्तीच्या आधी नेट लावायचो. चित्रं बंद करून, वैशालीसारखीच. अक्षरं उतरायला वेळ लागायचा आणि मी काउंटरवरचं पुसलेलंच परत पुसायचो. आमच्या भागातली नावं त्यात यायची. ह्या जिल्ह्यांत घराघरांतला एक तरी फौजेत, नावं येणारच. एकदा आडनाव तेच दिसलं. पुढचं नाव यायच्या आत मोडेम अडकला, आणि ते परत जोडून ओळ पूर्ण उतरेपर्यंत माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. दुसराच कुणी होता. मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण तोही कुणाचा तरी महेश होता. इतके दिवस मी लोकांना नेट जोडून देत होतो, पण त्यातून येतं काय हे मला तेव्हा कळलं.

मग पाऊस लागला. पावसात टेलिफोनच्या केबलीत पाणी शिरायचं आणि गल्लीच्या गल्ली मुक्या व्हायच्या. त्याच गावचा एक शेतकरी मुलाचा प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या आळीतलं फोन बंद हायती कवाधरनं. रस्त्याला चर काढला, तितं केबल तुटली. कोण दाद घेतोय?"

"सुभेदारांचा पण?"

"व्हय की, एकच खांब आमचा. पर सुभेदार काय बोललं न्हाईत. न्हाई तर त्येंनी एक्स्चेंज डोक्यावर घेतलं असतं."

मला काही केल्या कळेना. दिवसभर रिसीव्हर उचलणाऱ्या माणसाला फोन बंद पडल्याचं कळलं कसं नाही? आणि मग लख्ख कळलं. लाईन वापरात असली की बाहेरच्याला एंगेज येतो, हे मीच त्यांना समजावलं होतं. नुसता टोन ऐकायला उचलला तरी तेवढा वेळ लाईन अडते, हा त्याचा पुढचा अर्थ त्या शिस्तीच्या माणसानं स्वतःच लावला असणार. मी गेल्यापासून त्यांनी फोनला हात लावलेला नव्हता, आणि काळजीतल्या त्या घरी आळीतलं कुणी फोनचं बोलायला गेलं नसणार. दोघं त्या मेलेल्या यंत्रासमोर, ते मोकळं आहे अशा समजुतीत, आज वाजेल उद्या वाजेल म्हणून बसून होते.

फोन करून सांगायची सोय नव्हती. मी दुकान शेजारच्यावर सोपवलं आणि भर पावसात स्कूटर घातली. घाईत माझ्या डोक्यात एकच होतं, लाईनमनला कसं गाठायचं. आपण कुठं चाललोय आणि तिथं आपलं जाणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या अंगणात स्कूटर लावेपर्यंत सुचलं नाही.

वैशाली दारात होती. तिनं मला पाहिलं. तिच्या हातातलं सूप सुटलं आणि ती चौकटीला धरून खाली खाली सरकत बसली. आतून आप्पा आले. माझ्याकडं बघून त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, पाय जुळवले आणि सरळ उभे राहिले.

"रिपोर्ट द्या, कांबळे," ते म्हणाले.

"फोन!" मी अंगणातूनच ओरडलो. "आप्पा, काही नाही, काही नाही! तुमचा फोन बंद आहे! केबल तुटलीय!"

त्यांना ते पोचायला वेळ लागला. मग आप्पा वळले, आत गेले. मी चिखलाच्या पायांनीच मागं गेलो. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. ऐकत राहिले. मग वैशालीला हाक मारली आणि तिच्या कानाला लावला. आत काही नव्हतं. टोन नाही, खरखर नाही. ती ते ऐकत हमसून हमसून रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. आप्पा बाहेर ओट्यावर जाऊन पलीकडच्या घराला ओरडून सांगत होते, "आमचा फोन डेड हाय! डेड हाय रं! म्हनून येत न्हवता!" फोन बंद पडल्याचा एवढा आनंद मी कुठल्याच गिऱ्हाइकाच्या घरी पाहिला नाही.

लाईनमनला मी आणि आप्पा दोघांनी मिळून गाठलं. त्यानं कुरकुर करत, पण पावसातच, जोड मारून दिला. पुढं काही दिवसांनी दुकानातला फोन वाजला. "दादा, आला," एवढंच वैशाली म्हणाली आणि लाईन अडायला नको म्हणून तिनं लगेच ठेवून दिला.

महेश सुट्टीवर आला तो दिवाळीच्या आधी. वाळलेला, पण हसरा. मोडेम परत लावायच्या आधी तपासून घ्यावा म्हणून तो घेऊन दोघं दुकानात आले होते. वैशालीनं तो त्या दिवशी उपसल्यापासून लावलाच नव्हता. चहा सांगितला. बोलता बोलता मी विचारलं, तिकडून फोन करायला मिळायचा का.

"खाली आलो की मिळायचा. रांग असायची लय," तो म्हणाला. "पर आमच्या घरचा फोन सारखा एंगेज."

वैशाली चहाचा कप हातात धरून थिजली. तिनं ही गोष्ट त्याला सांगितली नव्हती, ते मला तिच्याकडं बघूनच कळलं. त्या उन्हाळाभर तिला हेच खात होतं, की ते तिकडं रांगेत उभे राहिले असतील आणि मी इकडं लाईन अडवून बसले.

"पर खरं सांगू का दादा," महेश म्हणाला, "एंगेज आला की मला लय बरं वाटायचं. म्हणायचो, घरी कुणीतरी निवांत बोलत बसलंय. म्हंजे सगळं ठीक हाय. मागची पोरं चिडवायची, तरी मी हसत परत जायचो. तेवढ्यावर आठवडा निघायचा. मधी मात्र नुसती रिंग जायला लागली. वाजतोय, वाजतोय, कोण उचलत न्हाई. तवा मी भ्यालो. बाकी कशाला न्हाई भ्यालो एवढा."

लाईन तुटलेली असली तरी पलीकडच्याला रिंग ऐकू यायची कधी कधी. मी ते समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"पण एवढा वेळ बोलायचीस कुणाशी गं?" त्यानं वैशालीला विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. "आईशी," ती म्हणाली.

"लय बोलता बाबा तुमी मायलेकी," महेश म्हणाला, आणि हसला. तीही हसली, आणि डोळे पुसायला तिनं तोंड रस्त्याकडं फिरवलं. मला आयुष्यात इतकं पटलेलं खोटं दुसरं नाही. मी मान खाली घालून त्यांचा मोडेम खोक्यात भरायला घेतला.